कलाशाळेच्या बाकावर कोण बसते?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाचा प्रवेश अर्ज भरताना 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझा हात थांबला होता. शेजारी आप्पा उभे होते. ते हळूच म्हणाले, "शेती लिही." आम्हाला शेती नाही. घरामागे चाक आहे, आवा आहे, आणि संक्रांतीला सुगडी, पोळ्याला मातीचे बैल, उन्हाळ्यात माठ करून विकण्याचा पिढीजात धंदा आहे. पण आप्पांचा शब्द मोडवेना. मी 'शेती' लिहिले आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्याआधी हायस्कुलात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. आमचे चित्रकलेचे सर घरी येऊन आप्पांना म्हणाले होते, "हिला मुंबईच्या जे. जे. ला पाठवा." आप्पांनी सरांना चहा दिला, सगळे नीट ऐकून घेतले, आणि सर गेल्यावर आईला म्हणाले, "मातीत हात घालायला मुंबईला कशाला जायचं? ती तर दारातच आहे." आम्ही सगळे हसलो. विषय तिथेच संपला. एस. टी. ने जाऊन येऊन करता येईल असे कॉलेज मी निवडले आणि बी. ए. ला नाव घातले.

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात मुंबईच्या कलाशाळेचा इतिहास वाचायला मिळाला, तेव्हा आप्पांचे ते वाक्य पुन्हा आठवले. ही शाळा ज्यांच्या नावाने उघडली गेली, ते लोक म्हणजे आम्हीच होतो. मग त्या शाळेच्या बाकावर प्रत्यक्षात बसले कोण? आज पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत कोण बसते? आणि कोण बसते याने चित्रात व शिल्पात काही फरक पडतो का? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करायचा आहे.

डोकी मोजण्याचे शास्त्र

एखाद्या वर्गात किती विद्यार्थी आहेत हे हजेरीपटावरून कळते. ते कोण आहेत हे कळण्यासाठी मात्र वेगळे तक्ते करावे लागतात. मुले किती, मुली किती; कोणत्या जातिप्रवर्गातील किती; परप्रांतातले किती, परदेशातले किती. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठ अशी माहिती सरकारला देते आणि विषयवार तक्ते प्रसिद्ध होतात. 'ललित व स्टुडिओ कला' असा एक स्वतंत्र विषयही त्या यादीत आहे. त्या तक्त्यांत एक गंमत आहे. पुण्याची एखादी मुलगी तिकडे एम. एफ. ए. करायला गेली, तर ती 'आशियाई' या रकान्यात मोजली जात नाही. तिची गणना 'परदेशी विद्यार्थी' म्हणून होते. 'आशियाई' म्हणजे तिथलाच रहिवासी असलेला आशियाई वंशाचा विद्यार्थी. म्हणजे रकाना कसा आखला यावर माणूस कोठे दिसणार हे ठरते.

आपल्याकडे २०१०-११ पासून उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण होते. त्यात स्त्री-पुरुष, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग अशी वर्गवारी असते. ही माहिती अत्यंत मोलाची आहे. पण कुंभार, सुतार, शिंपी, माळी हे सगळे 'इतर मागासवर्ग' या एकाच रकान्यात जातात. कोणाच्या घरी चाक फिरते आणि कोणाच्या घरी रंधा चालतो, हे त्यात उमटत नाही. प्रवेश अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' विचारतात. देशाच्या तक्त्यापर्यंत तो पोचत नाही. आणि कलेच्या शिक्षणात तर मला तोच रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे सांगते.

कारागिरांसाठी शाळा, पण कारागीर कोठे?

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली मुंबईत कलेची व उद्योगाची शाळा काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. १८५७ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले आणि १८७८ साली शाळेला आजची इमारत मिळाली. हेतू असा होता की, विलायती यंत्रांच्या मालापुढे देशी कारागिरी बुडत आहे, तेव्हा कारागिरांना रेखाटनाचे व नक्षीचे पद्धतशीर शिक्षण द्यावे. लॉकवुड किपलिंग १८६५ साली या शाळेत शिक्षक म्हणून आले. १८७० साली सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंडून विणकर, लाकूड कोरणारे अशा कारागिरांची सुंदर रेखाचित्रे काढली. शाळेत मातीकामाचे खातेही होते. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे सिंधी भांड्यांच्या व अजिंठ्याच्या नक्षीवरून चकचकीत भांडी तयार होत आणि ती विलायतेत विकली जात.

म्हणजे कारागीर चित्रात होता, त्याची नक्षी भांड्यावर होती. बाकावर मात्र तो फारसा आला नाही. याचे कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. कारागिराचे पोर आठ-दहा वर्षांचे झाले की ते माती मळू लागते, लीद-राख चाळू लागते. त्याला शाळेत पाठवायचे म्हणजे फी भरायची आणि वर एक मजूर गमवायचा. शिवाय वाचता-लिहिता यायला हवे. तेव्हा बाकावर आली ती शिकलेल्या पांढरपेशा घरांतली मुले. त्यांना ड्रॉइंग मास्तरची, नकाशे काढण्याची नोकरी मिळवायची होती किंवा तैलरंगात व्यक्तिचित्रे काढून नाव कमवायचे होते. अखेर १८९१ साली कारागिरांना आत आणण्यासाठी त्याच आवारात 'रे आर्ट वर्कशॉप्स' या नावाने वेगळे कारखाने काढावे लागले. मूळ शाळा ज्यांच्यासाठी होती त्यांच्यासाठी तिच्याच शेजारी दुसरी शाळा काढावी लागते, यातच सारे आले.

तरीही त्या बाकांवर मुंबईतल्या एकाच थरातले लोक होते असे मात्र नाही. अजिंठ्याच्या नकलांच्या कामात ग्रिफिथ्स साहेबांबरोबर राबणारे पेस्तनजी बोमनजी पारशी होते. आबालाल रहिमान कोल्हापूरचे मुसलमान होते. ए. एक्स. त्रिंदाद गोव्याचे ख्रिस्ती होते. कोल्हापुरात वाढलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून आत गेले आणि तिथेच मोठे शिक्षक झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले. धर्म व प्रांत अनेक होते. घरची परिस्थिती आणि अक्षरओळख यांचा उंबरठा मात्र एकच होता. कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर सुतारकाम करणाऱ्या घरातले. ते कलाशाळेत न जाता पडदे रंगवून शिकले आणि पुढे त्यांनी चित्रपटाचा कॅमेराही घडवला. हात कारागिराचे होते. शाळेला ते मिळाले नाहीत, एवढेच.

भिंतीवरच्या दोघी

मुलींची हकिकत याहून चमत्कारिक आहे. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. योहान झोफनी या चित्रकाराने काही वर्षांनी सर्व सभासदांचे एक मोठे समूहचित्र काढले. त्यात सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेले आहेत, आणि त्या दोघी भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींत आहेत! स्त्रीने मॉडेलच्या वर्गात बसणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून चित्रकारानेच त्यांना भिंतीवर पाठवले.

१८६० साली लॉरा हरफर्ड नावाच्या मुलीने या अकॅडमीच्या शाळेकडे चित्रे पाठवली. सही केली नुसती 'एल. हरफर्ड'. चित्रे पसंत झाली, प्रवेश मिळाला, आणि मग कळले की ही मुलगी आहे. नियमात मुलींना मनाई लिहिलेलीच नव्हती. त्यामुळे तिला आत घ्यावे लागले. तरी मॉडेलवरून रेखाटन करण्याचा वर्ग मुलींना १८९३ पर्यंत बंदच होता, आणि तेव्हाही मॉडेल वस्त्र पांघरलेले असावे अशी अट होती. पॅरिसच्या प्रसिद्ध एकोल दे बोझारने १८९७ साली मुलींना दार उघडले. अमृता शेरगिल १९३० च्या सुमारास तिथे शिकू शकली ती त्यामुळेच.

आता यात कलेचे नुकसान काय, असे कोणी विचारील. त्या काळी मोठे चित्र म्हणजे माणसांनी भरलेले ऐतिहासिक किंवा पौराणिक चित्र. माणसाचे शरीर अभ्यासल्याशिवाय ते जमणार कसे? मुलींना तो वर्ग बंद ठेवायचा आणि मग म्हणायचे, बायकांना फुलेच चांगली जमतात! लिंडा नॉकलिन या विदुषीने १९७१ साली एका गाजलेल्या लेखात हीच गोष्ट दाखवून दिली: थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत याचे उत्तर स्त्रियांच्या बुद्धीत शोधू नका, शाळांच्या दारांत शोधा.

आपल्याकडे धुरंधरांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जे. जे. ची पदविका मिळवली. त्या चित्रकाराच्या घरातच वाढल्या होत्या. त्यानंतरच्या पिढीत नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा आधी नागपुरात व मग जे. जे. त शिकल्या. टोपल्या घेतलेल्या, उंच, लांब मानेच्या कोळिणी हीच त्यांच्या चित्रांची ओळख झाली. खेड्यातली मुलगी मुंबईला आली आणि तिला तिथे समुद्राआधी कोळीण दिसली, असे मला त्यांची चित्रे पाहून वाटते.

"जे तुला ठाऊक आहे"

पदव्युत्तर शिक्षणाची सर्वांत बोलकी गोष्ट मला अमेरिकेत सापडली. एलिझाबेथ कॅटलेट ही १९१५ साली जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला तिच्या वर्णामुळे प्रवेश नाकारला. मग ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली आणि पुढे आयोवा विद्यापीठात गेली. चित्र-शिल्पाची उच्च पदवी विद्यापीठाने द्यावी ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९४० साली तिथे शिल्पकलेत एम. एफ. ए. पदवी घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांत ती होती. वर्गात तिला जागा मिळाली, वसतिगृहात मिळाली नाही. कृष्णवर्णीयांना तिथे राहता येत नसे. 'वर्ग खुला आहे' म्हणजे शिक्षण खुले आहे असे नव्हे, हे तिच्याइतके कोणाला कळले असेल?

तिथे ग्रांट वुड हे नामांकित चित्रकार तिचे शिक्षक होते. जे तुला सर्वांत चांगले ठाऊक आहे त्यावर काम कर, असा त्यांचा उपदेश होता. तिला ठाऊक होत्या आपल्या समाजातल्या बाया आणि त्यांची लेकरे. तिने चुनखडीच्या दगडात 'माता व बालक' घडवले. त्याला १९४० साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. पुढे जन्मभर ती कष्टकरी स्त्रियांची शिल्पे व छापचित्रे करत राहिली. तो बाक तिला मिळाला नसता तर तो दगड दगडच राहिला असता.

आज अमेरिकेतल्या कलाशाळांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी मुली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी आद्याक्षराआड लपून अर्ज करावा लागत होता, तिथवरून हा पल्ला आहे. पण तक्त्यातला तो आकडा वडिलांच्या व्यवसायाबद्दल काहीच सांगत नाही.

शांतिनिकेतन आणि बडोदे

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू झाले. १९२५ साली तिथे बांकुडा गावचा एक मुलगा आला. नाव रामकिंकर बैज. घर नाभिकाचे, गरिबीचे. लहानपणी तो गावातल्या मूर्तिकारांजवळ बसून मातीच्या मूर्ती करायला शिकला होता. १९३८ साली त्याने उघड्यावर 'संथाळ कुटुंब' हे मोठे शिल्प उभारले. त्यासाठी ब्राँझ किंवा संगमरवर कोठून आणणार? त्याने सिमेंटमध्ये तिथलेच जांभ्याचे लाल खडे मिसळले. एक बाई, एक पुरुष, कावडीत मूल, सोबत कुत्रे. बिऱ्हाड घेऊन निघालेले माणसांचे साधे चालणे. आधुनिक भारतीय शिल्पकलेची सुरुवात सांगताना आज या शिल्पाचे नाव घेतले जाते. विषय आणि साहित्य दोन्ही त्या मुलाबरोबर वर्गात आले होते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा स्थापन झाली. कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता; शिकवायला ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसे होती. सुब्रमण्यन यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला होता; सरकारी कॉलेजांची दारे बंद झाल्यामुळे ते शांतिनिकेतनात शिकले होते. चित्रकलेत विद्यापीठाची पदवी मिळू लागल्याने काश्मीरपासून केरळपर्यंतची मुले बडोद्याला येऊ लागली.

त्यांतला एक विद्यार्थी वयाने मोठा होता. मुंबईच्या खेतवाडीतले भूपेन खख्खर आधी बी. ए. झाले, मग बी. कॉम., मग चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, ते बडोद्याला कलासमीक्षेच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आले आणि पाहता पाहता चित्रकार झाले. पोटासाठी हिशेब लिहिण्याचे काम त्यांनी चालूच ठेवले. त्यांच्या चित्रांत घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी बाजारपेठेतली माणसे आली. तोवर भारतीय चित्रात त्यांना कोण विचारत होते?

दुसरे नाव नागपूरच्या सवी सावरकरांचे. त्यांचा जन्म १९६१ चा. नागपूरला शिकून त्यांनी बडोद्यात छापचित्रणाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. पेशवाईतल्या अस्पृश्यतेवरच्या त्यांच्या कामात गळ्यात मडके अडकवलेला माणूस येतो. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून ते मडके. हे चित्र मी प्रथम एका पुस्तकात पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटवले नाही. दलित घरातला विद्यार्थी कलाशाळेच्या बाकावर बसला म्हणून तो माणूस चित्रात आला. आणि ते मडके? ते कोणी घडवले असेल? आमच्यासारख्याच एखाद्या घरात, चाकावर. आमच्या मडक्याचा हा इतिहास मला घरी कोणी सांगितला नव्हता. तो चित्राने सांगितला.

आजचा उंबरठा

आज महाराष्ट्रात चित्रकलेच्या पदवीला बारावीनंतर शासनाची प्रवेश परीक्षा असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. पदव्युत्तर वर्गासाठी आधीची कलेतली पदवी आणि स्वतःच्या कामाचा संग्रह लागतो. राखीव जागा आहेत, फी-सवलत आहे. कायद्याने दार कोणालाही बंद नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

पण उंबरठे आहेत. अर्ज कधी निघतो हे खेड्यात वेळेवर कळत नाही. कागद, ब्रश, तैलरंग, कॅनव्हास हा खर्च फीत धरलेला नसतो आणि तो दर महिन्याला असतो. मुंबईत राहण्याची सोय हा फीहून मोठा प्रश्न आहे. कलेच्या इतिहासाची चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत. आणि पदव्युत्तर शिक्षण म्हणजे आणखी दोन वर्षे घरी पैसे न पाठवणे. "पुढे नोकरी काय?" हा आईचा प्रश्न हलका नाही. ज्या घरात मागे काही साठलेले आहे, तेच घर या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलू शकते. म्हणून वर्ग जितका वरचा, तितकी आमच्यासारख्या घरांतली मुले विरळ होत जातात असे मला वाटते.

मित्रमैत्रिणींनो, यात केवळ गरिबांवरच्या अन्यायाचा प्रश्न नाही. कलेच्या गरजेचाही आहे. माती किती भिजली की चाकावर चढते, आव्यातला धूर कोणत्या रंगाचा झाला की मडकी भाजली, हे आप्पांना न मोजता कळते. कलाशाळेत मातीकाम शिकवतात तेव्हा हेच ज्ञान पुस्तकातून आणि यंत्रातून पुन्हा मिळवावे लागते. ज्याच्या हातात ते आधीच आहे तो वर्गात असेल, तर शिक्षकही काही शिकेल. त्या दिवशी आम्ही आप्पांच्या बोलण्यावर हसलो. पण "माती तर दारातच आहे" हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या मातीला वर्गापर्यंत जायचा रस्ता नव्हता, हे त्यांना ठाऊक होते.

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. पोळ्याच्या बैलांचे डोळे तीच रंगवते. या वेळी प्रवेश परीक्षेच्या अर्जाची तारीख मी आधीच शोधून ठेवली होती. गावातल्या केंद्रावर आम्ही दोघी आणि आप्पा गेलो. नाव, गाव, जन्मतारीख झाली. पुढे काय काय विचारतात म्हणून आप्पा पडद्याकडे वाकून पाहत होते. मी म्हटले, "आप्पा, तुमचा धंदा कुठे विचारला तर काय लिहू?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग केंद्रातल्या मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "कुंभारकाम. चित्रकलेच्या शाळेला त्यात वावगं काय वाटायचंय?"

तिला जागा मिळेल की नाही, मुंबईचा खर्च झेपेल की नाही, हे अजून ठरायचे आहे. आवा मात्र यंदा एक फेरी जास्त लावायचा, एवढे घरात ठरले आहे.